वजनाचं बोलूच, पण आधी पायांच्या मुंग्या

पत्र

नमस्कार. मी ४९ वर्षांची, नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकवते. २०१७ च्या दिवाळीनंतर माझं वजन कमी करण्याचं स्लीव्हचं ऑपरेशन झालं. तेव्हा वजन ११८ किलो, डायबेटीस, गुडघे कामातून गेलेले. साडेतीन लाख खर्च आला. मिस्टरांनी एफडी मोडली, माझ्या दोन पाटल्या गेल्या. दीड वर्षात मी ७४ किलोवर आले. शुगरच्या गोळ्या सुटल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात न थांबता चढून जायला लागले. लॉकडाऊनपासून वजन पुन्हा चढायला लागलं, आज ९१ आहे. वजनकाटा जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर टाकलाय. हळदीकुंकवाला जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "एवढे पैसे पाण्यात घातले." मिस्टर काहीच बोलत नाहीत, त्याचंच जास्त लागतं. चार वर्षं सर्जनकडे गेले नाही. कुठल्या तोंडाने जाऊ? शुगरही तपासलेली नाही.

मी ताटभर जेवत नाही हो. भाकरी अडकते, म्हणून वरणभात नाहीतर खिचडी, तीही वाटीभर. चहाबरोबर खारी. आम्ही शाकाहारी, अंडंही चालत नाही. ॲसिडिटी फार होते, मेडिकलमधून आणलेली गोळी रोज सकाळी घेते. बाकी गोळ्या बंद केल्या, लोहाची आठवली तर चहाबरोबर घेते. हल्ली दम लागतो, केस गळतात, पायांना मुंग्या येतात. वय झालं असेल. एक मैत्रीण ते नवीन इंजेक्शन घेते, तिचं आठ किलो उतरलंय. मी घेऊ का? की परत ऑपरेशन करू? चूक माझीच आहे हे मला माहीत आहे, फक्त पुढे काय ते सांगा.

उत्तर

ताई, तुम्ही इंजेक्शनचं विचारलंत, ऑपरेशनचं विचारलंत. दोन्हींवर सांगते. पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य "वय झालं असेल" म्हणून तुम्ही बाजूला सारलंत आणि मी मात्र तिथेच अडले. पायांना मुंग्या. एकोणपन्नास हे काही पायांना मुंग्या येण्याचं वय नाही. ९१ किलो वजन सहा महिने थांबू शकतं, या मुंग्या थांबू शकत नाहीत.

झालंय काय, ते माझ्या अंदाजाने असं. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. अन्नातलं बी-१२ अंगी लागायला जठरातलं आम्ल लागतं आणि जठराच्याच पेशींतून पाझरणारं एक प्रथिनही लागतं. ऑपरेशननंतर दोन्ही कमी झाली. त्यात तुम्ही शाकाहारी, अंडंही नाही, म्हणजे बी-१२ पोटात जातं ते फक्त दूधदह्यातून. आणि त्यावर ॲसिडिटीची रोजची गोळी, जी उरलेलं आम्लही दाबून टाकते. यकृतात बी-१२ चा साठा असतो, तो काही वर्षं पुरतो. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं काही जाणवत नाही, माणूस म्हणतो मला काय झालंय, आणि गोळ्या सुटतात. मग साठा संपतो. आधी थकवा, मग मुंग्या, मग चालताना तोल जाणं, विसरायला होणं. वेळेत इंजेक्शनं सुरू झाली तर नसा बऱ्याच सावरतात. फार उशीर झाला तर सगळं भरून येत नाही. मी हे घाबरवायला सांगत नाही. या आठवड्यातच लॅबमध्ये जाऊन या, एवढ्यासाठी सांगते.

मुंग्यांचं दुसरं कारण शुगर असू शकतं. तुम्हाला डायबेटीस होता आणि चार वर्षं तो कुठे आहे हे कुणी पाहिलेलं नाही. म्हणून एकाच वेळी रक्त द्या: बी-१२, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन, थायरॉइड, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर), फॉलिक ॲसिड, अल्ब्युमिन. रक्त देण्याआधी घाईने बी-१२ च्या गोळ्या सुरू करू नका, नाहीतर आकडा खोटा वर दिसेल. नुसतं फॉलिक ॲसिडही घेऊ नका. त्याने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आतून चालू राहतं. चालताना तोल जात असेल किंवा वारंवार उलट्या होत असतील तर रिपोर्टची वाटही बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेणं म्हणजे न घेतल्यासारखंच आहे. चहातली टॅनिनं लोह धरून ठेवतात. चहाच्या आधी-नंतर तास-दोन तास सोडून, लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या. कॅल्शियमची गोळी असेल तर ती लोहापासून दोन तास लांब, आणि शक्यतो सायट्रेटची, कारण तिला पोटातलं आम्ल फारसं लागत नाही. या गोळ्या आता जन्मभराच्या आहेत. ऑपरेशनच्या वेळी तुम्हाला हे सांगितलं असेल, पण दुखण्याच्या गडबडीत ऐकलेलं कुणाच्या लक्षात राहतं?

आता वजन.

जाऊबाई म्हणाल्या, पैसे पाण्यात गेले. माझ्यासोबत एक गणित करा, तुम्ही शिक्षिका आहात. ११८ वरून ७४, म्हणजे ४४ किलो उतरले. त्यातले १७ परत आले. म्हणजे २७ किलो अजूनही उतरलेलेच आहेत, मूळ वजनाच्या जवळजवळ २३ टक्के. स्वीडनमध्ये १९८७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. वजनाची ऑपरेशनं झालेल्या लोकांना त्यांनी वीस-वीस वर्षं पाहिलं. त्यात बायपास, म्हणजे जठराचा छोटा भाग थेट लहान आतड्याला जोडण्याचं ऑपरेशन, झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं, आणि दहा वर्षांनी ते २५ टक्क्यांवर येऊन स्थिरावलं. म्हणजे त्यांचंही थोडं परत आलंच. आणि तरीही ऑपरेशन झालेल्यांमधले मृत्यू, ऑपरेशन न झालेल्या तशाच लोकांपेक्षा कमी होते. तुमचं ऑपरेशन वेगळं आहे, त्यामुळे आकडे तंतोतंत लावता येणार नाहीत, पण तुम्ही काही जगावेगळ्या घसरलेल्या नाही आहात. तळाला पोचलेलं वजन काही वर्षांनी थोडं वर येणं ही या ऑपरेशनची नेहमीची वाटचाल आहे. आठ वर्षं तुमच्या गुडघ्यांनी २७ ते ४४ किलो कमी ओझं वाहिलं. हे पाण्यात गेलं म्हणायचं?

त्याच स्वीडिश अभ्यासातला एक आकडा मात्र काळजीचा आहे. ऑपरेशननंतर दोन वर्षांनी ७२ टक्के लोकांचा डायबेटीस गेलेला होता, दहा वर्षांनी ३६ टक्क्यांचाच गेलेला राहिला. म्हणून शुगर तपासायला लावतेय.

"चूक माझीच" हे वाक्य मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त खटकलं. वर्षानुवर्षं मी अशा ऑपरेशन झालेल्या लोकांच्या आहाराचं काम करते, आणि जवळजवळ प्रत्येक जण हेच वाक्य घेऊन येतो. जठराचा जो वरचा भाग कापून काढतात, तिथेच भूक जागवणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मोठ्या प्रमाणात तयार होतं. म्हणून पहिलं वर्ष-दीड वर्ष भूकच लागत नाही. तुम्हाला आठवत असेल, तेव्हा घरचे जेवायला बसले की तुम्हाला ताटाजवळ जावंसं वाटत नसेल. ती निर्धाराची किमया नव्हती, आणि आज भूक लागते तो निर्धाराचा पराभव नाही. शरीर हळूहळू नव्या रचनेला सरावतं, नळी थोडी सैल होते, भूक परत येते. शिवाय वजन उतरलं की शरीर कमी उष्मांक जाळायला लागतं, आणि ते हिशोबाने जेवढं कमी व्हायला हवं त्याहूनही कमी. अमेरिकेतल्या वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना संशोधकांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, तो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बिचाऱ्यांचं शरीर बसल्या जागी दिवसाला अपेक्षेपेक्षा सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. त्यांचं ऑपरेशन नव्हतं, नुसता व्यायाम आणि आहार होता, पण शरीराचा स्वभाव यात दिसतो. ते गमावलेलं वजन विसरत नाही. त्यात तुमचं वय पाळी जायचं.

मग तुमच्या हातात काहीच नाही का? आहे. तुमच्या एका वाक्यात ते दडलंय: "मी ताटभर जेवत नाही हो." खरं आहे. तुमचं ताट आजही लहानच आहे. वजन ताटातून आलेलं नाही, ते ताटाबाहेरून आलंय.

भाकरी अडकते, म्हणून तुम्ही मऊ खाण्याकडे वळलात. यात तुमचा दोष नाही, अडकलं की छातीत कळ येते, ओकारी येते, शाळेत असताना तर नकोच. पण नळी झालेल्या पोटाची एक खोड आहे. भाकरी, उसळ, पनीर यांसारखं घट्ट अन्न तिथे थांबतं आणि चार घासांत पोट भरतं. वरणभात, पातळ खिचडी, चहात बुडवलेली खारी, लाळेबरोबर विरघळणारा चिवडा हे सगळं थांबतच नाही, घसरून खाली जातं. पोट भरल्याची खूणच मिळत नाही, आणि अर्ध्या तासाने पुन्हा काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं. शाळा म्हटली की स्टाफरूमचे चहा आलेच. ढोबळ हिशोब धरा: दूध-साखरेचा एक चहा ८० ते १०० कॅलरी, दिवसाचे चार धरले तर साडेतीनशेच्या आसपास. मूठभर चिवडा, तीस ग्रॅमचा, दीडशे. दोन खाऱ्या, त्याही तेवढ्याच, कमी नाहीत. सहाशे-साडेसहाशे कॅलरी झाल्या आणि तुम्ही अजून "जेवलेल्या" नाही आहात.

माझ्याकडे येणाऱ्या एक बाई होत्या, त्यांचंही असंच. त्यांना मी एक काम दिलं, तेच तुम्हाला देते. चार दिवस, त्यातला एक रविवार, वही घेऊन तोंडात जे जाईल ते सगळं लिहायचं. पोरांच्या डब्यात उरलेला पोळीचा तुकडा, आमटीची चव बघताना घेतलेला चमचा, सगळं. काही बदलायचं नाही, स्वतःला रागवायचं नाही, नुसतं लिहायचं. त्या बाईंच्या वहीत सकाळी साडेसहा ते रात्री दहा या वेळात बावीस नोंदी होत्या. त्यांनी स्वतःच वही मिटली आणि म्हणाल्या, "मला वाटलं मी दोनदाच खाते."

मग बदल करायचा तो असा. जेवणाची सुरुवात प्रथिनाने. आधी पनीर, मटकीची किंवा मुगाची घट्ट उसळ, सोयाबीनच्या वड्या, टांगलेलं दही यापैकी काहीतरी. मग भाजी. भात-भाकरी सगळ्यात शेवटी, जागा उरली तर. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. शाकाहारात हे आपोआप होत नाही, जुळवून आणावं लागतं. शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम, सोयाच्या ३० ग्रॅम कोरड्या वड्यांत १५ च्या आसपास, घट्ट उसळीच्या वाटीत ७, कप दुधात ६-७. पातळ वरणात मात्र फारच कमी, आपण ते डाळ म्हणून खातो आणि असतं बरंचसं पाणी. कमी पडलं तर व्हे प्रोटीनची पावडर चालेल, पण किडनीचा रिपोर्ट बघून. भाकरी सोडू नका, ताजी, पातळ, लहान घास आणि भरपूर चावून. ताकात कुस्करली तर ती पुन्हा घसरून जाणाऱ्यांत जाते, हे लक्षात ठेवा. जेवताना आणि जेवल्यावर अर्धा तास पाणी नको. चहा चारचे दोन करा, साखर हळूहळू कमी करा. खारी घरात आणूच नका. समोर डबा असताना रोज स्वतःला थोपवत बसणं कुणालाही जमत नाही.

व्यायामाबद्दल थोडकंच. भराभर वजन उतरलं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही गेले. चालणं चांगलं आहे, पण त्याने स्नायू परत येत नाहीत. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं दहा वेळा, भिंतीला हात टेकून दंड, पाण्याच्या बाटल्या उचलणं, आठवड्यातून तीनदा. बी-१२ सुधारून अंगात त्राण आलं की सुरू करा, आधी नको.

आता इंजेक्शन. मैत्रीण बहुधा सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइड घेत असेल, वजनासाठी दोन्ही २०२५ पासून आपल्याकडे मिळायला लागली. ही औषधं खरी आहेत, फसवणूक नाही, आणि ऑपरेशननंतर वजन परत आलेल्यांना जगभर दिली जातात. याच जातीच्या लिराग्लुटाइड या जुन्या औषधाचा लंडनमध्ये ऑपरेशननंतर पुरेसं वजन न उतरलेल्या रुग्णांवर प्रयोग झाला, तेव्हा सहा महिन्यांत सुमारे ९ टक्के वजन उतरलं. म्हणजे तुमच्यासाठी हा मार्ग खुला आहे आणि तो घेण्यात कमीपणा काही नाही. पण आत्ता नाही. ही औषधं भूक मारतात. ज्या बाईचं बी-१२, लोह, प्रथिनं आधीच खालावलेली असण्याची शक्यता आहे, तिची भूक आणखी मारली तर काय होईल? आधी ही कमतरता भरून काढायची, मग औषध. पित्ताशयातले खडे, स्वादुपिंडाची सूज, घरात कुणाला थायरॉइडचा ठरावीक प्रकारचा कॅन्सर, हे सगळं डॉक्टरांनी विचारल्याशिवाय सुरू करू नका. मैत्रिणीच्या पेनमधून तर मुळीच नाही. आणि खर्चाचा विचार आधीच करा. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आल्याचं मोठ्या अभ्यासात दिसलंय. तीन महिने घेऊन सोडायचं औषध हे नव्हे. महिन्याचं बजेट वर्षानुवर्षं झेपणार असेल तरच.

परत ऑपरेशन? फक्त वजनासाठी असतं तर मी इतक्यात नको म्हटलं असतं. दुसऱ्यांदा जोखीम पहिल्यापेक्षा जास्त असते आणि उतार सहसा पहिल्यापेक्षा कमी. पण तुमची ॲसिडिटी वेगळी गोष्ट आहे. स्लीव्हनंतर आम्ल वर येणं हा ओळखीचा त्रास आहे. काहींच्या अन्ननलिकेला त्याने इजा होते, आणि तसं असेल तर स्लीव्हचं बायपासमध्ये रूपांतर करणं हा खरा उपचार ठरतो. तो निर्णय एंडोस्कोपी केल्यावर व्हायचा, मेडिकलच्या काउंटरवर नाही. भाकरी अडकते त्याचंही कारण एंडोस्कोपीत दिसेल, नळी कुठे अरुंद झाली आहे का ते. गोळी एकदम बंद करू नका, त्रास उसळेल. पण किती वर्षं घेताय ते डॉक्टरांना नक्की सांगा.

म्हणजे सगळ्या वाटा सर्जनकडे जातात, आणि तुम्ही विचारताय कुठल्या तोंडाने जाऊ. ताई, डायबेटीसची शुगर वाढली म्हणून कुणी डॉक्टरांना तोंड लपवतं का? लठ्ठपणाही तसाच, वर्षानुवर्षं सोबत राहणारा आजार आहे. वजन परत आलेले पेशंट बघणं हा सर्जनच्या कामाचाच भाग आहे, आणि ज्यांच्या वागण्यातून तुम्हाला तिथे लाज वाटावी असा डॉक्टर असेल तर दुसऱ्याकडे जा, जिल्ह्याच्या ठिकाणी दुसरा मिळतो. पहिल्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनच्या नोंदी मात्र सोबत हव्यात. फोन करताना गोष्ट लांबवू नका. एवढंच म्हणा: "२०१७ ला स्लीव्ह झालंय, चार वर्षं फॉलोअप नाही, सतरा किलो वाढलंय, पायांना मुंग्या आणि ॲसिडिटी आहे, लवकरची वेळ द्या." या वाक्यावर तुम्हाला कुणी बसवून ठेवणार नाही.

मिस्टरांच्या गप्प बसण्याबद्दल. तुम्ही ते रागाचं समजताय. असेलही. पण ज्यांनी एफडी मोडली तो माणूस काय बोलावं हे न कळून गप्प बसलाय, असंही असू शकतं. तुम्हाला आठवतंय, ऑपरेशनच्या आधी रात्री घोरण्याने तुमचा श्वास अडकायचा का? आता पुन्हा घोरता का, हे त्यांनाच विचारा. त्या निमित्ताने बोलणं सुरू होईल, आणि श्वास अडकत असेल तर ती तपासणीही करून घ्यावी लागेल. रिपोर्ट आणायला त्यांना सोबत न्या. जाऊबाईंना मात्र हिशोब द्यायची काही गरज नाही. पुन्हा बोलल्या तर "डॉक्टरांकडे चाललंय" एवढं म्हणून हळदीकुंकवाचं ताट पुढे करा.

वजनकाटा माळ्यावरून काढा, पण आठवड्यातून एकदाच, रविवारी सकाळी चहाच्या आधी. साडी गुंडाळलेलीच असू द्या हवं तर, काटा वापरून झाला की पुन्हा झाकून ठेवा. ७४ चं ध्येय तूर्त बाजूला ठेवा. पहिले तीन महिने ९१ चे ९२ होऊ द्यायचे नाहीत, एवढंच.

बी-१२ चा आकडा आला की मला कळवा, आणि मुंग्या फक्त तळपायात आहेत की पोटरीपर्यंत चढल्यात, तेही लिहा.